भाषा आली, तर क्रेडिट द्या

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचे प्राचार्य, तसेच अभ्यास मंडळांचे आणि विद्यापरिषदांचे सन्माननीय सदस्य यांस

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही हे तुम्हाला ठरवता येईल. जर्मनची गोएथे, फ्रेंचची डेल्फ, जपानीची जेएलपीटी, स्पॅनिशची डेले यांसारखी परकीय भाषेची परीक्षा एखाद्या विद्यार्थ्याने बाहेर जाऊन पास केली असेल, तर तिचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, त्याच्या पदवीत धरा. मोफत वाटा असं म्हणत नाही. प्रमाणपत्र तपासा, दहा मिनिटं समोर बसवून बोलायला लावा, आणि खरोखर येत असेल तर तेवढ्या क्रेडिटपुरतं त्याला मोकळं करा.

मी जळगावात जर्मन शिकवते. संध्याकाळचा क्लास आहे. खाली भांड्यांचं दुकान, वर आम्ही. अशी तरतूद झाली तर माझ्याकडे चार मुलं जास्त येतील हे उघड आहे. तेव्हा माझा स्वार्थ इथेच नोंदवून घ्या आणि पुढचं पत्र तेवढं वजा करून वाचा. वजा करूनही बरंच उरेल असं मला वाटतं.

आता हा विषय डोक्यात का बसला ते. माझी एक विद्यार्थिनी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. गोएथेची ए-२ पातळी पास झालेली. म्हणजे दुकान, दवाखाना, रेल्वे स्टेशन, घरभाडं, नोकरीचा साधा अर्ज, एवढं जर्मनमध्ये निभावून नेणारी. तिच्या कॉलेजात त्या सत्राला ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मुख्य विषयाबाहेरचा ऐच्छिक विषय, निवडायचा होता. तिने प्रमाणपत्राची झेरॉक्स नेली आणि विचारलं, याचं काही होतं का? समन्वयकांनी कौतुक केलं, नोटीस बोर्डावर नाव लावू म्हणाले. क्रेडिटचं विचारल्यावर म्हणाले, ‘पोर्टलवर असा कॉलम नाही.’ मग तिने उरलेल्या यादीतला एक विषय घेतला. तो तिला नको होता, आणि तास रिकाम्या वर्गात होतात हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. हजेरी लागली, दोन क्रेडिट मिळाले. जे येत होतं त्याचं शून्य, जे आलं नाही त्याचे दोन. त्या समन्वयकांना मी बोल लावत नाही. कॉलम खरोखरच नव्हता. तो कॉलम तुम्ही तयार करायचा, म्हणून हे पत्र तुम्हाला.

नियम आड येतो असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चं. त्यातून २०२१ साली अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणारं ऑनलाइन खातं, आली. प्रत्येक विद्यार्थ्याला एबीसी आयडी काढायला लावताना आपण सगळ्यांनी किती धावपळ केली ते आठवत असेल. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. शिक्षण वर्गात झालं, कामावर झालं की स्वतःच्या हिमतीवर झालं, ते नीट तपासून क्रेडिटमध्ये मोजता आलं पाहिजे, हा त्या आराखड्याचा पायाच आहे. ‘पूर्वज्ञानाला मान्यता’ असं त्याला नावही दिलेलं आहे. आणि स्वयंम या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलच्या बाबतीत तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या नियमात एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषयांचे क्रेडिट तिकडून आणायची मुभा दिली आहे.

इथे एक गंमत बघा. स्वयंमवर आयआयटींच्या एनपीटीईएल या उपक्रमाचा जर्मनचा प्राथमिक अभ्यासक्रम आहे, जपानीचाही आहे. चांगले आहेत, मी मुलांना बघायला सांगते. मुलाने तो घरी मोबाइलवर बघितला आणि शेवटी संगणकावर पर्याय निवडायची परीक्षा दिली, तर त्याचे क्रेडिट नियमाप्रमाणे पदवीत आणता येतात. पण तोच मुलगा पुण्याला जाऊन वाचन, श्रवण, लेखन आणि परीक्षकासमोर बसून संभाषण अशा चारही अंगांची परीक्षा देऊन आला, तर त्याला धरायला जागा नाही. अवघड परीक्षा दिली म्हणून कमी मिळतं, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न फार पूर्वीच निकालात निघाला आहे. तिथल्या कॉलेज बोर्डाने १९६७ साली क्लेप नावाची परीक्षा सुरू केली. कल्पना साधी: विषय येत असेल तर परीक्षा द्या, क्रेडिट घ्या, वर्गात बसू नका. त्यात फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश आहेत. गुण २० ते ८० मध्ये मिळतात. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस अशी की ५० गुणांना सहा क्रेडिट द्यावेत. त्याहून वरच्या गुणांना, म्हणजे फ्रेंचला ५९, जर्मनला ६०, स्पॅनिशला ६३ मिळाले तर नऊ. शिफारसच आहे, सक्ती नाही. प्रत्येक कॉलेज आपापला तक्ता लावतं. कुणी ५० ला देतं, कुणी आणखी वरचा आकडा मागतं, कुणी क्रेडिट न देता फक्त ‘भाषेची अट पूर्ण’ असा शेरा देतं.

याशिवाय न्यूयॉर्क विद्यापीठाची वेगळी भाषाप्रावीण्य परीक्षा आहे. पन्नासहून जास्त भाषांत होते, १२ क्रेडिटपर्यंतची आणि १६ क्रेडिटपर्यंतची अशी दोन प्रकारची. सैन्यातल्या लोकांसाठी संरक्षण खात्याची स्वतंत्र भाषा परीक्षा आहे आणि तिच्यावरही क्रेडिटची शिफारस मिळते. शाळेतून बाहेर पडतानाच दोन भाषा येतात याची मोहोर दाखल्यावर उमटवायची पद्धत कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये कायदा करून आणली, आणि ती पुढे इतर राज्यांत पसरली.

अमेरिकेचं आहे म्हणून मला त्याचं कौतुक नाही. त्यांच्याकडे एका सत्राची फी लाखांत जाते, त्यामुळे सहा क्रेडिट वाचले की घरचे पैसे वाचतात. त्यांची निकड पैशाची आहे. आपल्याकडे कला-वाणिज्यची फी तेवढी नाही. आपल्याकडे वाया जातो तो वेळ. सकाळी सातच्या एसटीने चोपड्याहून किंवा पारोळ्याहून येणाऱ्या मुलीचा वेळ. पण त्यांच्या पद्धतीतल्या दोन-तीन बारीक गोष्टी घेण्यासारख्या आहेत. परीक्षेतून मिळालेले क्रेडिट बहुतेक ठिकाणी श्रेणीशिवाय नोंदतात, म्हणजे सरासरीत ना भर ना घट. त्यामुळे कुणी ग्रेड फुगवायला त्याचा वापर करत नाही. अशा क्रेडिटना वरची मर्यादा असते. आणि त्याच भाषेचा वरचा अभ्यासक्रम आधीच केला असेल तर खालच्या परीक्षेचे क्रेडिट मागता येत नाहीत. तीनही गोष्टी आपल्याला जशाच्या तशा चालतील.

मग आपला तक्ता कसा असावा? मी बसून हिशेब केला आहे, तुम्ही तपासा. राष्ट्रीय आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं शिक्षण. गोएथे संस्थेच्या अंदाजाने ए-१ या सगळ्यात खालच्या पातळीला ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात. म्हणजे घड्याळाचे ६० ते १५० तास. सगळ्यात हुशार विद्यार्थी धरला तरी दोन क्रेडिट होतात, साधारण विद्यार्थ्याला चार-पाच व्हायला हवेत. ए-२ ला पहिल्यापासून मोजून २०० ते ३५० तासिका, बी-१ ला ३५० ते ६५०. मी कंजूषपणाने मांडते: ए-१ ला दोन, ए-२ ला एकूण चार, बी-१ ला एकूण सहा, आणि तिथेच थांबा. जपानीच्या खालून वर जाणाऱ्या एन-५, एन-४, एन-३ या पातळ्यांना त्याच क्रमाने ठेवा. दोन्हींची पातळी तंतोतंत जुळत नाही हे मला माहीत आहे, जपानीवाले माझ्याशी कांजी या चित्रलिपीवरून वाद घालतील. पण पहिल्या वर्षी चालायला हा तक्ता पुरे. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. त्यातले जास्तीत जास्त सहा अशा वाटेने आले, तेही ओपन इलेक्टिव्हच्या खात्यात, तर मुख्य विषयाला धक्काही लागत नाही.

आता आक्षेप. स्टाफ रूममध्ये जे ऐकले तेच लिहिते.

पहिला आक्षेप खोट्या प्रमाणपत्रांचा. धास्ती रास्त आहे, आपल्याकडे काय काय छापून मिळतं ते मी सांगायला नको. पण या परीक्षा गल्लीतल्या क्लासने घेतलेल्या नसतात. माझ्या क्लासचं प्रमाणपत्र कुणी आणलं तर खुशाल कचऱ्यात टाका. गोएथेची परीक्षा मॅक्समुल्लर भवन घेतं, डेल्फ आलियाँस फ्रान्सेझ घेतं. घेणारी संस्था ठरलेली आहे आणि तिच्याकडे पडताळणीची चौकशी करता येते. दुसऱ्या विद्यापीठाच्या मायग्रेशनवर जेवढा विश्वास ठेवता तेवढा इथे ठेवायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप खरा वजनदार आहे आणि तो फारसं कुणी मांडत नाही, म्हणून मीच मांडते. सगळ्या परीक्षा सारख्या नसतात. जेएलपीटी ही जपानीची परीक्षा जगभर चालते, एन-५ ला १८० पैकी ८० गुणांना पास. पण तिच्यात बोलणं नाही आणि लिहिणंही नाही. शब्द, व्याकरण, वाचन, श्रवण, सगळं पर्याय निवडून. एन-४ पास झालेला आणि तोंडातून एक वाक्य न फुटणारा विद्यार्थी असू शकतो, असतोच. क्लेपच्या भाषा परीक्षांवरही हीच टीका होते. त्याही मूळ वाचन आणि श्रवणाच्या, लेखन फक्त स्पॅनिशच्या एका वेगळ्या प्रकारात आहे. म्हणून मी सुरुवातीला दहा मिनिटांच्या तोंडी परीक्षेची अट घातली. महाविद्यालयाने दोन जणांचं मंडळ बसवावं. एक बाहेरचा, ती भाषा येणारा. एक घरचा, कुठल्याही भाषेचा प्राध्यापक. घरच्याला जपानी येत नसेल तरी मुलगा अडखळतोय की बोलतोय हे कळायला जपानी यावं लागत नाही. बाहेरचा परीक्षक पुण्या-नाशिकहून ऑनलाइन बसला तरी चालेल. जर्मनसाठी कुणी नाहीच मिळालं तर मी येईन, पण माझ्याच विद्यार्थ्यांच्या वेळी मला बोलावू नका.

तिसरा आक्षेप कुजबुजीत येतो: कार्यभार. मुलं बाहेरून क्रेडिट आणायला लागली तर इलेक्टिव्हची बॅच फुटेल, तास कमी होतील, आणि तासिका तत्त्वावरचा कुणीतरी घरी बसेल. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण मी स्वतः तासिका तत्त्वावर राबलेली आहे. मानधनाची वाट बघत दिवाळी कशी जाते ते ठाऊक आहे. पण आकडा बघा. आपल्या एखाद्या महाविद्यालयात अशी प्रमाणपत्रं घेऊन येणारी मुलं किती असतील? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेवढ्याने बॅच फुटत नाही. उलट तोंडी परीक्षा आणि मार्गदर्शनाचे तास मोजून भाषा विभागांना दिले तर काम वाढेल. आणि मुलांचा कल दिसला तर जर्मन किंवा जपानीचा वर्ग आपल्याच महाविद्यालयात सुरू करायला कारण मिळेल. आज ते कारण कागदावर कुठेच दिसत नाही, कारण मागणी मोजायची सोयच नाही.

चौथा: ‘हे सगळं पैसेवाल्यांच्या मुलांसाठी.’ याचं उत्तर दोन वाक्यांत होत नाही, म्हणून जरा थांबते.

खान्देशातल्या मुलाला ही परीक्षा महाग पडते ती नुसत्या फीमुळे नाही. केंद्र पुण्याला किंवा मुंबईला. जळगावहून पुणे चारशे किलोमीटरच्या घरात. रात्रीची महाराष्ट्र एक्सप्रेस धरायची, पहाटे उतरायचं, स्टेशनवर तोंड धुवायचं आणि तसंच परीक्षेला जायचं. मुलगी असेल तर बरोबर भाऊ किंवा वडील, म्हणजे दोन तिकिटं आणि एकाची मजुरी बुडाली. जेएलपीटी वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. डिसेंबरचा रविवार कित्येकदा आपल्या सत्र परीक्षेच्या ऐन मध्यावर येतो. शनिवारी पेपर, रात्री गाडी, रविवारी जपानी, रात्री परत गाडी, सोमवारी पेपर. हे करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना पैसेवाले म्हणायचं असेल तर म्हणा.

खरे पैसेवाले बारावीनंतरच पुण्याला गेलेले असतात. तिथे फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परकीय भाषांचे वर्ग पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत. तिथल्या कॉलेजच्या मुलांना अकरावी-बारावीत जर्मन किंवा फ्रेंच हा विषयच असतो, ‘स्कोअरिंग’ म्हणून घेतात आणि विसरून जातात. आपल्याकडे राहून, घरचं काम सांभाळून, केळीच्या घडांच्या हिशेबाच्या वहीत जर्मन क्रियापदं लिहिणारा मुलगा श्रीमंत नसतो. नियम नसल्याचा तोटा त्यालाच होतो. ज्याचा बाप ओळखीचा आहे त्याला नियमाची गरज कुठे पडते!

तरीही आक्षेपात तथ्य उरतंच: ज्याला पुण्याचं तिकीट आणि फी दोन्ही झेपत नाही त्याचं काय? त्यासाठी दुसरी वाट ठेवा. महाविद्यालयाने, किंवा तालुक्यातल्या चार महाविद्यालयांनी मिळून, वर्षातून एकदा स्वतःची भाषाप्रावीण्य परीक्षा घ्यावी. न्यूयॉर्कचं विद्यापीठ पन्नास भाषांची घेतं, आपण तीन भाषांनी सुरुवात करू. पेपर बाहेरून काढून घ्या, तपासणी बाहेर करा, तोंडी इथे घ्या. आणि जो बाहेरची परीक्षा पास होऊन येईल त्याची फी विद्यार्थी कल्याणाच्या निधीतून परत द्या. आधी देऊ नका, पास झाल्यावर द्या. त्याने पैसेही बुडणार नाहीत आणि अभ्यासही होईल.

खान्देशात हे कशाला, असंही एका सदस्यांनी विचारलं. आपल्याला कोण जर्मन भेटतो? मला वाटतं आपल्याच दारातल्या गोष्टी आपल्याला दिसत नाहीत. अजिंठ्याला जायला सगळ्यात जवळचं मोठं रेल्वे स्टेशन जळगाव, साठ किलोमीटर. लेणी पलीकडच्या जिल्ह्यात असली तरी प्रवासी उतरतो आपल्याकडे. जपानी बौद्ध यात्रेकरू तिथे वर्षानुवर्षं येतात. जपानच्या कर्जातून अजिंठा-वेरूळ परिसराच्या विकासाचा प्रकल्प झाला, रस्ते झाले. त्या रस्त्यावरून जपानी बोलणारा गाइड मात्र आपल्या कॉलेजातून निघालेला क्वचितच दिसतो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, रावेर-यावल पट्ट्यातून माल आखाती देशांत जातो. आणि महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. त्यानंतर माझ्याकडे नर्सिंगच्या आणि आयटीआयच्या मुलांच्या चौकशा वाढल्या. रुग्णसेवेच्या कामाला बी-२ पातळीपर्यंत जावं लागतं, तिथवर पोचायला दीड-दोन वर्षं सहज जातात. पदवीच्या तीन वर्षांत यातली पहिली दोन पावलं क्रेडिटसकट पडली तर मुलगा तेवढा पुढे निघाला.

एक सावधगिरी मात्र सांगून ठेवते, कारण एजंट लोक आमच्या जिन्यापर्यंत येऊन पोचले आहेत. ए-१ पास झालं की जर्मनीत नोकरी, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. क्रेडिटची तरतूद करताना माहितीपत्रकात हे स्पष्ट छापा. ए-१ वाला स्वतःची ओळख करून देऊ शकतो, सलाइन लावायच्या सूचना समजू शकत नाही.

ओळखीवरून आठवलं. गोएथेच्या ए-१ परीक्षेत बोलण्याचा पहिला भाग म्हणजे स्वतःची ओळख. समोर कागदावर शब्द दिलेले असतात: नाव, वय, देश, गाव, भाषा, काम, छंद. एकेका शब्दावर एकेक वाक्य बोलायचं. मग परीक्षक नावाचं किंवा गावाचं स्पेलिंग विचारतो. यावलची एक मुलगी पहिल्याच अक्षराला अडायची, कारण जर्मनमध्ये ‘वाय’ला ‘उप्सिलोन’ म्हणतात. आपलं यावल उप्सिलोनपासून सुरू होतं याचं आमच्या क्लासला महिनाभर हसू होतं. ‘भाषा’ या शब्दाशी आलं की आमची मुलं न चुकता तीन सांगतात, मराठी, हिंदी, इंग्रजी. मी विचारते, घरी काय बोलता? मग हळूच अहिराणी निघते, लेवा गणबोली निघते.

धडगावकडचा एक मुलगा होता. घरची पावरी. आश्रमशाळेत मराठी शिकला. आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जायचे, त्यांच्याबरोबर राहून गुजराती आली. हिंदी बाजारातली, इंग्रजी पुस्तकातली. जर्मन सहावी. त्याने सहाही सांगितल्या, जर्मनमध्ये, न अडखळता, आणि वर्गातली बाकीची मुलं आपापली बोटं मोजायला लागली. त्याच्या गुणपत्रिकेवर मात्र या सहांपैकी इंग्रजी आणि मराठीच दिसते, आणि दोन्हींत गुण बेताचे आहेत.

हा मुलगा माझ्या मागणीला अडचणीत आणतो, आणि ती अडचण मी लपवणार नाही. जर्मनचे क्रेडिट द्या म्हणताना त्याच्या पावरीचं आणि गुजरातीचं काय? गोएथेसारखी तयार फूटपट्टी पावरीला नाही. अमेरिकेतही हा वाद आहे. घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेची परीक्षा देऊन स्थलांतरितांची मुलं क्रेडिट मिळवतात, तर काही महाविद्यालयं म्हणतात की मातृभाषेचे क्रेडिट देणार नाही. मला दुसरं म्हणणं पटत नाही. भाषा आईकडून आली की क्लासमधून आली, हे विद्यापीठाने विचारू नये. विद्यापीठाने फक्त येते का ते विचारावं. आपल्या भागातल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. कधी शाळेत न गेलेल्या बाईच्या कविता आपण एम.ए.ला शिकवतो. हे भाषणांत इतक्यांदा सांगून झालंय की सांगायला संकोच वाटतो, पण नियम करताना ते कुणाच्या लक्षात राहत नाही. परकीय भाषांपासून सुरुवात करा असं मी म्हणते ते एवढ्याचसाठी की तिथे मोजमाप तयार आहे, भांडण कमी आहे. एकदा तोंडी परीक्षेचं मंडळ बसायला लागलं की गुजराती, भिली, पावरी, मावची यांसाठीही तेच मंडळ चालेल. अमळनेरला शिकवून गेलेल्या साने गुरुजींचं आंतरभारतीचं स्वप्न वेगळं काय होतं?

आता कामाचं. आपल्या भागातली काही महाविद्यालयं स्वायत्त आहेत, जळगावचं मूळजी जेठा, अमळनेरचं प्रताप. त्यांना आपल्या विद्यापरिषदेत ठराव करून हे लवकर सुरू करता येईल. संलग्न महाविद्यालयांना विद्यापीठाकडे प्रस्ताव पाठवावा लागेल, त्याला वेळ लागतो. पण दोन गोष्टींना कुणाचीच परवानगी लागत नाही. डिसेंबरच्या त्या पहिल्या रविवारच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी अंतर्गत चाचणी, प्रात्यक्षिकं, तोंडी परीक्षा ठेवू नका. आणि परीक्षेला गेलेल्या मुलाची हजेरी कापू नका. क्रीडा स्पर्धेला गेलेल्या मुलाची आपण धरतो ना, तशीच.

ठरावाच्या मसुद्यात चार ओळी पुरतात. कोणत्या परीक्षा मान्य, त्यांची यादी. किती पातळीला किती क्रेडिट. प्रमाणपत्र प्रवेशाच्या आधीच्या तीन वर्षांतलं किंवा पदवी चालू असतानाचं. तोंडी परीक्षा सक्तीची, श्रेणी नाही, फक्त ‘पूर्ण’ असा शेरा. एबीसी खात्यात ते कुठल्या कोडखाली चढवायचं हा तांत्रिक प्रश्न आहे. तो सोडवायला परीक्षा विभागातला एक माहीतगार लिपिक तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. त्यालाही बैठकीला बोलवा.

पहिल्या वर्षी दहा-बाराच अर्ज आले तर ‘प्रतिसाद नाही’ म्हणून योजना गुंडाळू नका एवढी विनंती. भाषेची परीक्षा एका सत्रात होत नाही. आज ठराव झाला तर त्याची फळं दोन वर्षांनी दिसतील, कारण आज अकरावीत असलेली मुलं ते वाचून क्लास शोधायला लागतील.

जुलैच्या जेएलपीटीचे अर्ज त्याच्या काही महिने आधी, उन्हाळा तापायला लागतो तेव्हा भरले जातात. मुलांनी खिशात हात घालण्याआधी त्यांना कळलं पाहिजे की क्रेडिट मिळणार की नाही. त्यामुळे त्याआधीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. आणि घ्यायचा नसेल तर का नाही, ते दोन ओळींत लेखी कळवावं. त्या दोन ओळी मी क्लासच्या दारावर लावीन, म्हणजे मुलं निदान चौकशीसाठी कॉलेजच्या खिडकीवर उगाच रांग लावणार नाहीत.

कळावे,
आपली विश्वासू,
जळगावातली एक जर्मन शिक्षिका